हरलेल्याचा दुसरा डाव

यंदा मी खेळांवर बोलणार हे कळल्यावर एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी मला अडवून विचारले, "अहो, विषय इतिहासाचा ठरला होता ना? मग चेंडू आणि कुस्ती यांत इतिहास तो कुठला?" त्यांना जे उत्तर दिले तेच आज जरा विस्ताराने आपल्यापुढे मांडतो. राजेरजवाड्यांचा इतिहास तहांच्या कलमांत सापडतो, तसा खेळांचा इतिहास नियमांच्या कलमांत सापडतो. त्या साऱ्या कलमांत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते एकच : जो हरला, त्याचे पुढे काय करायचे? त्याला घरी पाठवायचे, की आणखी एकदा उभे राहू द्यायचे?

या प्रश्नाकडे मी पंडित म्हणून पाहत नाही, शौकीन म्हणून पाहतो. जत्रेतील दंगलीला आजही मी पुढची जागा धरतो, पहाटे उठून अमेरिकेतील बास्केटबॉल पाहतो आणि पुतण्याच्या खांद्यावरून पडद्यावरील मारामारीचे खेळही पाहतो. पण प्रश्न मनात रुजला तो फार पूर्वी. तेव्हा आपले मालेगाव अकोला जिल्ह्यात होते. वाशीम जिल्हा व्हायला १९९८ साल उजाडावे लागले. आमचा शाळकरी कबड्डीचा संघ टेम्पोत उभा राहून एका बाहेरगावच्या स्पर्धेला गेला. सकाळी आठाला नारळ फुटला आणि साडेनवाला आम्ही दोन गुणांनी बाद झालो. टेम्पो संध्याकाळी परतणार होता, म्हणून दिवसभर निंबाखाली बसून इतरांचे खेळ पाहिले. आमच्यात पकडीत अतिशय तरबेज असा एक मुलगा होता. संध्याकाळी टेम्पोत चढताना तो म्हणाला, "एवढ्यासाठीच आलो होतो काय रे?" त्यानंतर तो मैदानावर दिसला नाही.

आपल्या मातीतील जुना न्याय कुस्तीचा. जत्रेत पंच जोड लावून देतात, हलगी वाजते, आणि कुस्ती निकाली व्हावी अशी साऱ्यांची इच्छा असते. पाठ मातीला लागली की बोलणे संपले. या न्यायात एक भव्यता आहे. तथापि निकालच लागला नाही तर काय, याचे उत्तर त्याच्याजवळ नाही. लंडन येथे १० सप्टेंबर १९१० रोजी गामा पहिलवान आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली आणि बरोबरीत सोडवावी लागली. आठवड्याने पुन्हा दिवस ठरला, त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही व गामा विजयी ठरला. शौकिनांची हुरहुर मात्र कायम राहिली. अखेर १९२८ साली पतियाळा येथे दोघे पुन्हा भिडले आणि गामाने एका मिनिटाच्या आत झिबिस्कोला चीत केले. तीन लढतींची एक मालिकाच म्हणा ना. पण ती पुरी व्हायला अठरा वर्षे लागली!

ऑलिम्पिकच्या कुस्तीने निराळी वाट शोधली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीला गेले, तेव्हा तेथे दोषगुणांची पद्धत होती. हरणाऱ्याच्या नावावर ३ दोषगुण, केवळ गुणांवर जिंकणाऱ्याच्याही नावावर १, आणि प्रतिस्पर्ध्याला चीत करणाऱ्याच्या नावावर शून्य. दोषगुण ५ झाले की मल्ल बाद. म्हणजे एका पराभवाने कोणी संपत नसे, आणि जेमतेम मिळवलेला विजयही फुकट मिळत नसे. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी यांच्या मल्लांना हरवून अखेरच्या तिघांत स्थान मिळवले. तेथे रशियाच्या मामेदबेकोव्हकडून आणि जपानच्या इशीकडून ते हरले. दोन कुस्त्यांच्या मध्ये त्यांना पुरेशी विश्रांती मिळाली नाही आणि त्यांची बाजू मांडायला भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असे सांगतात. तरीही स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्यांच्याच गळ्यात पडले. हरलेल्या दोन कुस्त्यांनी आधी जिंकलेल्या कुस्त्या पुसल्या नाहीत, हे त्या पद्धतीचे पुण्य.

पुढे ही पद्धत गेली आणि रेपेचाज आले. ज्याने आपल्याला हरवले तो अंतिम फेरीत पोचला, तर आपल्याला कांस्यपदकासाठी पुन्हा लढता येते. सुशीलकुमार २००८ साली बीजिंगला पहिलीच कुस्ती हरला आणि याच दाराने परत येऊन पदक घेऊन गेला. साक्षी मलिकने २०१६ साली रिओला तेच केले. आपल्याला पाडणाराच जिंकत जावा, असे मनोमन म्हणायला लावणारा असा नियम जगात दुसरा नसेल!

आपल्या कबड्डीला हे तत्त्व मुळातच ठाऊक होते. जुन्या हुतूतूचे तीन प्रकार वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असतील. गामिनीत बाद झालेला गडी डाव संपेपर्यंत बाहेर राही. अमर प्रकारात गडी बाहेर जातच नसे, फक्त गुण मांडला जाई. संजीवनीत आपल्या संघाने समोरचा गडी मारला की आपला मेलेला गडी उठून आत येई. १९२३ साली छापील नियमांनिशी बडोद्याला अखिल भारतीय स्पर्धा झाली आणि कालांतराने संजीवनीचेच तत्त्व सर्वत्र रूढ झाले. गंमत अशी, की मैदानाच्या आत आपण मेलेल्याला उठवतो आणि मैदानाबाहेर, स्पर्धेच्या तक्त्यावर, एका पराभवात अख्ख्या संघाला गाडून टाकतो.

हीच कबड्डी १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने परदेशी प्रेक्षकांपुढे गेली, आणि ती नेणारे आपल्या शेजारचे होते : वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीस स्थापलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. त्याच बर्लिनमध्ये बास्केटबॉल प्रथमच ऑलिम्पिकचा अधिकृत खेळ झाला. १८९१ साली स्प्रिंगफील्ड गावी पीचच्या फळांच्या टोपल्या दहा फुटांवर ठोकून ज्यांनी हा खेळ शोधला, ते जेम्स नेस्मिथ हा सोहळा पाहायला हजर होते. अंतिम सामना उघड्या मातीच्या मैदानावर भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना. अमेरिकेने कॅनडाला १९ विरुद्ध ८ असे हरवले. एवढ्या थोर खेळाच्या पहिल्या सुवर्णपदकाचा निकाल पावसाच्या मेहेरबानीवर लागावा, हे एकाच सामन्यावर सर्वस्व लावण्याचे फळ होय.

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलने हा धोका ओळखला होता. १९४६ साली सुरू झालेल्या आणि १९४९ पासून नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघटनेने अजिंक्यपदासाठी पहिल्या वर्षापासूनच सात सामन्यांची मालिका ठेवली. जो आधी चार जिंकेल तो विजेता.  पहिली फेरी तेवढी आधी तीन, १९८४ पासून पाच आणि २००३ पासून सात सामन्यांची झाली. यात केवळ न्यायबुद्धी होती असे मी म्हणणार नाही. सामने वाढले की तिकिटे वाढतात आणि दूरचित्रवाणीचे उत्पन्नही वाढते. पण लोभाने केलेल्या विहिरीचेही पाणी गोडच लागते.

या पद्धतीचा कस २०१६ साली लागला. गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाने साखळीतील ८२ सामन्यांपैकी ७३ जिंकले होते. इतके पूर्वी कोणी जिंकले नव्हते. पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत तो ओक्लाहोमाविरुद्ध १–३ असा मागे पडला आणि तेथून उठून ४–३ ने जिंकला. लगेच पुढच्या मालिकेत क्लीव्हलँडविरुद्ध तो स्वतः ३–१ असा पुढे होता आणि ३–४ ने हरला. ज्या कायद्याने तरला, त्याच कायद्याने बुडाला! सातवा सामना आपल्याकडे २० जूनच्या पहाटे दिसत होता. मृग चालू होता, पेरणीची धांदल होती. तरी मी जागचा हललो नाही. लेब्रॉन जेम्सने मागून धावत येऊन अडवलेला तो चेंडू आणि ९३–८९ हा निकाल अजून डोळ्यांपुढे आहे. मग सर्वश्रेष्ठ कोण, ७३ सामने जिंकणारा की शेवटचा सामना जिंकणारा? माझे मत विचाराल तर क्लीव्हलँड. एकच सामना जिंकून तो अजिंक्य झाला असता तर मी कुरकुरलो असतो. पण सलग तीन सामने जिंकून आलेल्याला नशीबवान कसे म्हणावे?

आता पुतण्याच्या खेळाकडे येतो. १९९१ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीचा 'स्ट्रीट फायटर दोन' आला आणि त्या दशकात आपल्याकडील शहरांतूनही नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांची दुकाने निघाली. पुष्कळांनी तेथे 'मुस्तफा' नावाने ओळखला जाणारा खेळ खेळला असेल. त्याचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. तो गुंडांच्या टोळ्यांशी लढण्याचा खेळ. दोघा माणसांच्या समोरासमोरच्या द्वंद्वाचा खेळ निराळा : तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या; जिंकला तो यंत्रापुढे उभा राहणार, हरला त्याने दुसरे नाणे काढायचे. आव्हान देऊन कुस्ती घेण्याचीच ही तऱ्हा.

पुढे या खेळाच्या स्पर्धा भरू लागल्या तेव्हा शौकिनांनी दुहेरी बादची पद्धत स्वीकारली. एकदा हरला तो हरलेल्यांच्या बाजूला जातो, दुसऱ्यांदा हरला तो घरी. २००४ साली कॅलिफोर्नियात 'इव्हो' स्पर्धेत जपानचा डायगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग समोरासमोर आले. डायगोच्या पात्राचा प्राण केसाएवढा उरला होता. कोणताही खास फटका, अगदी अडवलेलासुद्धा, पुरेसा होता. वाँगने पंधरा लाथांचा मारा सोडला. डायगोने प्रत्येक लाथेच्या नेमक्या क्षणी कळ पुढे दाबून पंधराही परतवल्या आणि उलट वाराने फेरी जिंकली. या खेळाच्या इतिहासात सर्वांत गाजलेली लढत ती हीच. पण ती अंतिम लढत नव्हती. ती हरलेल्यांच्या बाजूची अखेरची लढत होती. दोघेही आधी एकेकदा हरलेले होते. साधी बाद पद्धत असती तर ही लढत झालीच नसती! आणि डायगो पुढे अंतिम लढतीत केंजी ओबाताकडून हरला. अजिंक्यपद एकाचे आणि आठवण दुसऱ्याची, अशी वाटणी झाली.

यावर कोणी हसेल, की पडद्यावरील बाहुल्यांना खाशाबांच्या पंक्तीला काय बसवता? परंतु २०२३ साली हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने कबड्डीची दोन्ही सुवर्णपदके घेतली, आणि त्याच स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर'चे सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या ४४ वर्षांच्या किम ग्वान-वू यांनी जिंकले. पंगत आधीच बसली आहे. आपण फक्त ताट ओळखायचे.

एक आक्षेप मात्र खरा आहे. दुसरी संधी मिळणार हे ठाऊक असले, तर पहिली लढत कोण जिवावर उदार होऊन खेळेल? इतिहासाचे उत्तर असे, की दुसरी संधी म्हणजे माफी नव्हे. अमेरिकेच्या या संघटनेत २०२५ पर्यंत ०–३ असा मागे पडलेला एकही संघ मालिका जिंकू शकलेला नाही. हरलेल्यांच्या बाजूने येणाऱ्याला लढती अधिक खेळाव्या लागतात, आणि अंतिम फेरीत अपराजिताला एकदा नव्हे, दोनदा हरवावे लागते. पराभवाची किंमत द्यावीच लागते. फक्त ती एका हप्त्यात वसूल होत नाही.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. मेडशी, किन्हीराजा, शिरपूर, जऊळका अशा गावांतून सोळा संघ आपल्या मैदानावर आले असे धरा. प्रत्येक सामन्यात एकच संघ हरतो. पंधरांना बाद करायचे तर सामने १५. प्रत्येकाला दोनदा हरू द्यायचे तर ३० किंवा फार तर ३१. सर्वांची सर्वांशी साखळी लावली तर १२०, ते आपल्याला झेपणार नाही. कबड्डीचा सामना मध्यंतरासह पाऊण तासाचा. तेव्हा एकाऐवजी दोन मैदाने आखली, चार पोती फक्की अधिक टाकली आणि पंचांची आणखी एक जोडी आणली, की एका दिवसाचा खेळ एका दिवसातच बसतो. वर्गणीत फार तर दोन-तीन हजारांची भर पडेल. जत्रेतील कुस्ती मात्र निकालीच राहू द्या. तिचा आनंद त्यातच आहे, आणि तिथला मल्ल पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी पुन्हा लांग कसतोच. शाळकरी पोरांना पुढचा आठवडा नसतो. त्यांना टेम्पो वर्षातून एकदाच मिळतो.

तो आमचा पकड घेणारा गडी पुढे मोठा खेळाडू झाला असता, असा माझा दावा नाही. कदाचित दुसऱ्या सामन्यातही आम्ही हरलो असतो. पण मग तो दुपारपर्यंत खेळला असता, आणि परतताना त्याने काही निराळेच विचारले असते. पुढल्या स्पर्धेची पत्रिका छापण्यापूर्वी आपल्यातील कार्यकर्त्यांनी एवढा हिशेब एकदा मांडून पाहावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.