भिंतीविना घर : केंद्रकीच्या शोधाचा इतिहास

बुलढाण्याहून मोताळामार्गे मलकापूरला जाताना पावसाळ्यात दुतर्फा मका उभा असतो. त्या मक्याच्या पेशींत दडलेले एक कोडे उलगडायला विज्ञानाला सुमारे पावणेदोनशे वर्षे लागली. या विलंबाचे एक कारण भाषेत आहे असे मला वाटते. म्हणून साहित्याच्या अभ्यासकांसमोर तो इतिहास मांडावासा वाटला.

१६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाच्या पातळ कापात दिसलेल्या कप्प्यांना 'सेल', म्हणजे खोली, असे नाव दिले. खोली म्हटली की भिंत आलीच. पुढे पेशीच्या आत केंद्रक आढळले, त्यालाही पटल होते. परंतु १८३०च्या दशकात वाग्नर आणि व्हॅलेंटिन यांनी वर्णन केलेल्या केंद्रकीने ही कल्पना मोडली. केंद्रकाच्या आतला हा गोल ठिपका स्पष्ट वेगळा दिसे. पण त्याच्याभोवती पटल नव्हते. मग तो विरघळून का जात नाही?

१८९९ साली एडमंड विल्सनने पेशीद्रव्य हे निरनिराळ्या थेंबांचे मिश्रण असावे, असे सुचवले होते. ही सूचना बराच काळ मागे पडली. मारून, रंगवून ठेवलेल्या पेशींचे चित्र कितीही रेखीव असले तरी त्यात प्रवाहीपणा दिसत नाही.

मक्याने मात्र एक धागा हाती दिला. १९३४ साली बार्बरा मॅक्लिंटॉकने दाखवले की मक्याच्या सहाव्या गुणसूत्रावरील एका विशिष्ट जागी केंद्रकी आकाराला येते. ती जागा तुटून दोन गुणसूत्रांवर विभागली गेली, तेव्हा दोन्ही तुकड्यांनी आपापली केंद्रकी घडवली. म्हणजे केंद्रकी ही आधीपासून बांधलेली वास्तू नव्हे. ती दर वेळी नव्याने जमते. पेशीविभाजनात ती विरते आणि नंतर पुन्हा उभी राहते.

ती जमते कशी, हे २०११ साली ब्रँग्विन, मिचिसन आणि हायमन यांनी बेडकाच्या अंडपेशींत दाखवले. दोन केंद्रकी एकमेकींना भिडल्या की हळूहळू एक होऊन पुन्हा गोल होतात. वरणावर तरंगणारे तेलाचे थेंब मिसळावेत तशा. त्या ठरावीक जागी आरएनए तयार होऊ लागतो. त्याच्याशी आणि परस्परांशी अनेक ठिकाणी सैलसे बंध जोडणारी प्रथिने पुरेशी दाटली की ती भोवतालच्या द्रवापासून वेगळी होतात. बंध सैल असल्यामुळे रेणू ये-जा करीत राहतात, आणि आकार मात्र टिकतो. रायबोसोमची जुळणी याच थेंबात सुरू होते.

हा सैलपणा गमावण्याची किंमत मोठी आहे. एफयूएस नावाच्या प्रथिनाचे थेंब कालांतराने घट्ट, तंतुमय होतात आणि चेतापेशींच्या एका दुर्धर रोगाशी निगडित बदलांमुळे ही प्रक्रिया वेगावते, असे २०१५ साली प्रयोगशाळेत दिसून आले. पटलाविना असलेली प्रत्येक रचना अशीच बनते का, याविषयी अभ्यासकांत आजही वाद आहे.

आपण 'पेशी' म्हणतो तेव्हा त्या शब्दात खोलीची भिंत नाही. तरीही पाठ्यपुस्तकातली आकृती आपण भिंतीपासूनच काढायला शिकवतो. वेगळेपण टिकायला कुंपण लागतेच, हे गृहीतक विज्ञानाने एका थेंबापाशी सोडून दिले. साहित्याच्या वर्गात प्रवाह आणि संप्रदाय यांच्या सीमा आखताना आपणही ते एकदा तपासून पाहायला हवे.