पोलादाच्या गावातील सागवान

आपल्या शाळेच्या हीरक महोत्सवी ग्रंथात रिसालीचा आणि भिलाईचा इतिहास लिहायचा म्हटले, की लेखणी आपोआप पोलादाकडे वळते. ते स्वाभाविकच आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि भाताच्या शेतांच्या या प्रदेशाला नवे नाव व नवे रूप मिळाले. मात्र या पोलादाच्या गावात आपले आईवडील आले, ते लाकडी सामान घेऊन. त्या सामानाचा इतिहास कोणी लिहीत नाही. येथे तो थोडा लिहिण्याचा प्रयत्न केला आहे. निमित्त आहे आमच्या घरातील एका जुन्या मेजाचे.

प्रथम शब्दांचाच विचार करू. सामानाचा इतिहास शब्दांतच साठलेला असतो. ‘खुर्ची’ हा शब्द अरबी ‘कुर्सी’वरून आला, ‘मेज’ फारसीतून आला आणि ‘टेबल’ इंग्रजीतून. आपण शाळेत ‘कपाट’ म्हणत असू. संस्कृतात त्याचा अर्थ दाराची फळी. शेजारच्या हिंदी घरात त्याच वस्तूला ‘अलमारी’ म्हणत, आणि तो शब्द तर थेट पोर्तुगिजांकडून आलेला आहे. ‘पाट’, ‘चौरंग’, ‘पलंग’, ‘फडताळ’ हे मात्र आपल्या घरातले जुने रहिवासी. याचा अर्थ स्पष्ट आहे. मराठी माणसाचे घर पूर्वी जमिनीलगत वसलेले होते. जेवण पाटावर, पूजा चौरंगापुढे आणि लेखन मांडी घालून उतरत्या झाकणाच्या बुटक्या डेस्कावर. उंच मेज आणि खुर्ची ही कचेरीतून आणि शाळेतून घरात शिरली. ज्याला नोकरी लागली, त्याच्या घरी मेज आले.

नोकरी आणि मेज यांचे हे नाते भिलाईत विशेष ठळक दिसते. छत्तीसगडात मराठी माणूस नवा नव्हता. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपुरास आले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेशी जोडलेला राहिला. पुढे मध्य प्रांतात, आणि स्वातंत्र्यानंतरच्या मध्य प्रदेशातही, राजधानी नागपूरच होती. भिलाईचा करार झाला त्या वर्षी रिसालीचा माणूस आणि नागपूरचा माणूस एकाच राज्याचे रहिवासी होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छत्तीसगड मध्य प्रदेशात राहिले. म्हणजे त्यानंतर नोकरीसाठी नागपूर, भंडारा, वर्धा येथून भिलाईस येणारी मराठी कुटुंबे परप्रांतात येऊ लागली. रेल्वेमार्ग तोच होता, स्थानके तीच होती. मध्ये फक्त एक सीमा उभी राहिली होती.

माझे वडील अशाच एका गाडीने आले. त्यांच्यामागून काही महिन्यांनी आजोबांचे लिहिण्याचे मेज आले. गोणपाटात गुंडाळलेले, पायांना गवताच्या पेंढ्या बांधलेले. मेज सागवानी होते, उजव्या बाजूस एकाखाली एक असे दोन खण, आणि खाली पाय ठेवण्यासाठी आडवी पट्टी. कंपनीच्या क्वार्टरमध्ये ते खिडकीखाली बसले. आम्ही भावंडे आणि शेजारची मुले पाळीपाळीने त्यावर गृहपाठ करीत असू.

सागवान का, याला कारण आहे. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल आणि वाळवीला न मानवणारी द्रव्ये असतात. ऋतू पालटला तरी हे लाकूड फारसे फुगत नाही की आकसत नाही. आपल्या पूर्व विदर्भातील आलापल्ली आणि बल्लारपूर या भागांतील सागाची ख्याती आजही टिकून आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच सागवान रवाना झाले. तथापि सागाची ही कीर्ती त्याच्या गाभ्यापुरती आहे. खोडाच्या बाहेरचे फिकट लाकूड कीड सहज खाते. जुन्या सुताराने काटकसर म्हणून पायांत तसा एखादा फिकट भाग वापरला असेल आणि ते पाय ओल्या फरशीवर अनेक पावसाळे उभे राहिले असतील, तर वाळवी नेमकी तेथूनच चढते. आमच्या मेजाचे तसेच झाले.

त्याआधी एक चूक मी स्वतः केली होती. नव्वदच्या दशकात घराघरांत लोखंडी कपाटे आणि चकचकीत सनमायका आला. गोदरेजने १९२३ पासून पोलादी कपाटे बनविण्यास सुरुवात केली होती. आपल्याकडे तर पोलाद हेच दैवत. त्या चकाकीत आजोबांचे मेज काळवंडलेले दिसू लागले. एका दिवाळीत मी त्यावर तपकिरी ऑइलपेंटचे दोन हात मारले. मेज ‘नवे’ झाले असे मला वाटले. आई काही बोलली नाही, एवढेच म्हणाली, “आता याचा वास गेला.” लाकडाला वास असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

वडील निवृत्त झाले आणि भिलाईतील प्रत्येक घराला येणारा प्रसंग आमच्याही घरी आला. क्वार्टर रिकामे करावयाचे होते. आपल्यापैकी अनेकांनी हे दिवस पाहिले आहेत. पस्तीस वर्षांचा संसार अंगणात मांडला जातो. काय नागपूरला न्यायचे, काय मुलांकडे, काय भंगारवाल्याकडे, याचा निवाडा दोन दिवसांत करावा लागतो. भंगारवाला वजनाने बोलतो. लोखंडाला भाव असतो. लाकूड तो जळणाच्या हिशेबात उचलतो. मेजाचे पाय हात लावताच भुसभुशीत होत होते. मी ते देऊन टाकण्यास तयार झालो. आईने मात्र नकार दिला. ते रिसालीतील आमच्या नव्या, लहान घराच्या मागच्या पडवीत गेले आणि पुढे कित्येक वर्षे त्यावर कुंड्या राहिल्या.

शेवटी दुर्गच्या एका वृद्ध सुताराने त्याची सुटका केली. त्यांनी प्रथम पाय पाहिलेच नाहीत. मेज उलटे केले, तळाशी रंग न लागलेल्या जागी पटाशीने एक पातळ कपची काढली आणि ती माझ्या नाकापाशी धरली. कातड्यासारखा, तेलकट, किंचित उग्र असा तो वास होता. “गाभा शाबूत आहे,” ते हिंदीत म्हणाले, “बाकीचे पाहू.”

त्यानंतरचे काम मी शेजारी बसून पाहिले. जुने सांधे उकलणे ही पहिली पायरी. पूर्वीचे सुतार सांध्यात सरस वापरीत. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा डिंक ऊब आणि ओलावा मिळाला की सैल होतो. गरम पाण्यात भिजवलेले फडके सांध्यावर काही वेळ धरले आणि लाकडी हातोडीने हलके ठोकले, तेव्हा कुसू खाचेतून न मोडता बाहेर आले. १९५९ मध्ये, म्हणजे आपली पहिली भट्टी पेटली त्याच वर्षी, फेव्हिकॉल बाजारात आले आणि सुतारांची सरस शिजविण्याच्या कटकटीतून सुटका झाली. नवा सांधा अधिक बळकट व सोयीचा खरा. पण तो सहजासहजी उकलत नाही. जुन्या कारागिरांचे काम दुरुस्तीची वाट मोकळी ठेवणारे होते.

दुसरी पायरी रंग काढण्याची. माझ्या दोन हातांच्या ऑइलपेंटने त्यांचे चार दिवस घेतले. खरवडणे, पुन्हा खरवडणे, मग लाकडाच्या रेषांच्या दिशेने बारीक पॉलिश-कागद. रेषांना आडवे घासले तर पडलेले ओरखडे पॉलिशखाली अधिकच उठून दिसतात. रंगाखाली जुन्या लाखेच्या पॉलिशचा थर होता. तो मात्र स्पिरिटच्या बोळ्याने विरघळून आला.

या लाखेविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण तिचे माहेर आपल्या दाराशी आहे. कुसुम, पळस आणि बोर या झाडांवर लाखेचे किडे वस्ती करतात आणि त्यांच्या स्रावापासून लाख मिळते. छत्तीसगड आणि झारखंड हे तिच्या उत्पादनातील अग्रेसर प्रदेश आहेत. या किड्याच्या व लाखेच्या अभ्यासासाठी रांचीजवळ १९२४ मध्ये संशोधन संस्था स्थापन झाली. लाख शुद्ध करून तिचा चपडा बनतो. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलच्या पुरचुंडीने हात फिरवत थरावर थर चढविला की फ्रेंच पॉलिश होते. नाव फ्रेंच, पदार्थ आपला. आपल्या आजोबांच्या पिढीने ज्या तबकड्यांवर बालगंधर्वांची पदे ऐकली, त्या तबकड्यांतही हीच लाख होती. सुतारकाकांनी पॉलिशपूर्वी लाकडाला जवसाचे तेल दिले, तेही या भागातील पीक. त्यांनी बजावलेली एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी: जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. ते उघड्यावर पसरून वाळवावेत.

तिसरा प्रश्न पायांचा होता आणि तो खरा प्रश्न होता. चारही पाय वीतभर कुजलेले. नवे तुकडे सांधून मेज पूर्वीइतके उंच करता आले असते. सुतारकाकांनी विचारले, “यावर आता लिहिणार कोण?” मला उत्तर देता आले नाही. वडील राहिले नव्हते. माझे काम संगणकावर चालते. आई म्हणाली, “पोरींसाठी बुटके करा.” मग कुजका भाग तोडून चारही पाय सारखे केले गेले. पाय ठेवण्याची पट्टी निघाली, तिच्या चिपांनी वरच्या फळीची भेग बुजली. खण काढून भिंतीवर लावले. ते पुस्तकांची मांडणी झाले. कचेरीतून घरात आलेले उंच मेज अशा रीतीने पुन्हा जमिनीलगतचे डेस्क झाले.

वस्तू मूळ रूपात राखावी की तिला नवा उपयोग द्यावा, हा वाद मोठ्या ठिकाणीही आहे. पुण्यात कवी दिनकर गंगाधर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, वाड्यांची दारे, अशा साध्या घरगुती वस्तू आयुष्यभर जमविल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्या संग्रहालयात कोथरूडच्या मस्तानी महालाचे लाकूडकाम पुन्हा उभारलेले आहे. ते जपले, हे योग्यच झाले. याउलट गोष्ट चंडीगडची. भिलाईप्रमाणेच ते नेहरूकाळाचे अपत्य. तेथील कचेऱ्यांसाठी पिअर जानरे यांच्या देखरेखीखाली सागवान आणि वेताच्या खुर्च्या बनल्या. पुढे त्या मोडल्या, गच्च्यांवर ढीग झाले आणि भंगार म्हणून लिलावात गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या दुरुस्त करून युरोप-अमेरिकेत लाखो रुपयांना विकल्या. पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्याला साधारणतः शंभर वर्षांचे वय लागते, त्यामुळे त्या त्याच्या कक्षेत येत नव्हत्या. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने त्यांची विक्री व निर्यात रोखण्याचे आदेश दिले, तोवर पुष्कळ खुर्च्या गेल्या होत्या.

आमच्या मेजाला असा कोणी ग्राहक येणार नाही, आणि प्रत्येक जुनी वस्तू ठेवावी असेही माझे म्हणणे नाही. गाभाच कुजला असेल तर हळहळ न करता ती जाऊ द्यावी. मात्र निवाडा करण्यापूर्वी तळाशी एक कपची काढून पाहावी, एवढीच विनंती. वरच्या रंगावरून केलेला निवाडा माझ्यासारखा चुकतो.

आज माझ्या दोन्ही नाती त्या डेस्कापाशी मांडी घालून बसतात. त्यांची शाळा इंग्रजी माध्यमाची, खेळ हिंदीतला. संध्याकाळी अर्धा तास आई त्यांना मराठी वाचायला लावते. पुस्तके भिंतीवरच्या खणांतून निघतात. आपली भाषा या गावात पुढे किती पिढ्या बोलली जाईल, ही चिंता मराठी शाळेच्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला आहे, तशी मलाही आहे. मोठी तिसरीत आहे. परवा वाचता वाचता तिने ‘कपाट’ या शब्दावर बोट ठेवले आणि विचारले, “आजी, हे म्हणजे अलमारीच ना?” आई म्हणाली, “हो. आपल्याकडे कपाट म्हणतात.” तिने तो शब्द पुन्हा एकदा मोठ्याने वाचला आणि पुढच्या ओळीवर गेली.