रुळांनी आखलेली वाट

कोपरहून ठाण्याला मी बाईकने जातो म्हटलं की लोक विचारतात, "लोकल असताना?"

१ मे १८५४ रोजी रेल्वे ठाण्याहून पुढे कल्याणला पोचली. रूळ मुंब्रा-दिव्यावरून थेट आले; रस्त्याला तशी सरळ वाट मिळाली नाही. दुचाकीवाल्याच्या नशिबी शिळफाट्याचा नाहीतर दुर्गाडी-भिवंडीचा वळसा. त्यात रुळांनी डोंबिवलीचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे केलेले. म्हणून इथला रस्त्याचा इतिहास म्हणजे पुलांचा इतिहास.

सप्टेंबर २०१९ मध्ये धोकादायक ठरलेला कोपर पूल बंद झाला. सगळा भार ठाकुर्लीच्या पुलावर आला. रुळांपलीकडे समोर दिसणाऱ्या इमारतीत जायलाही पेट्रोल जाळावं लागे. नवा पूल मिळायला सप्टेंबर २०२१ उजाडलं. पुढे मोठागाव-माणकोली पूल सुरू झाला आणि डोंबिवली पश्चिमेतून खाडी ओलांडून ठाण्याकडे जाता येऊ लागलं.

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. काही घरी परतलेच नाहीत.

बाईक सुरक्षित आहे असं मी म्हणत नाही. खड्डे आहेत, ट्रक आहेत. पण निदान हँडल माझ्या हातात असतं.