खेळातून घडणारे नाट्यशिक्षण

शालेय स्नेहसंमेलनातील नाटक बहुधा एकाच रीतीने बसविले जाते. शिक्षक करून दाखवितात, विद्यार्थी गिरवितात. संवाद पाठ होतात, हातवारेही पाठ होतात. मूल स्वतः मात्र त्यात कोठेच नसते. या रीतीला पद्धतशीर पर्याय उभा केला तो अमेरिकेतील व्हायोला स्पोलिन (१९०६-१९९४) यांनी.

शिकागो शहरात १८८९ मध्ये स्थापन झालेल्या 'हल हाउस' या संस्थेचे काम मुख्यतः स्थलांतरितांच्या वस्त्यांमध्ये चाले. तेथे नेव्हा बॉइड खेळ, लोककथा व लोकनृत्ये यांच्या आधारे समूहकार्याचे प्रशिक्षण देत. स्पोलिन १९२० च्या दशकात त्यांच्याकडे शिकल्या. पुढे मंदीच्या काळात सुरू झालेल्या सरकारी रोजगार योजनेतील करमणूक प्रकल्पात नाट्यविभाग त्यांच्याकडे आला. समोरच्या मुलांच्या मातृभाषा निरनिराळ्या; अभिनयावरील व्याख्यानाचा तेथे उपयोग नव्हता. तेव्हा अभिनयातील एकेका अडचणीसाठी एकेक खेळ बेतण्याचा मार्ग स्पोलिन यांनी धरला.

रस्सीखेचेचा खेळ पाहा. दोन मुले नसलेली दोरी ओढतात. दोघांनी एकच दोरी 'पाहिली' नाही, तर ती कधी रबरासारखी ताणते, कधी मध्येच नाहीशी होते आणि बघणाऱ्यांना ते तत्काळ कळते. 'ताकद लावल्याचा अभिनय कर' असे कोणी सांगितलेले नसते. लक्ष दोरीवर असते आणि शरीर आपोआप कामाला लागते. आरशाच्या खेळात एकाच्या हालचाली दुसरा प्रतिबिंबाप्रमाणे करतो. मग भूमिकांची अदलाबदल होते आणि हळूहळू पुढाकार कोणाचा हेच ओळखू येईनासे होते. घोकंपट्टीची सवय जडलेल्यांसाठी निरर्थक बोलीचा खेळ विशेष गुणकारी. शब्दच काढून घेतल्यावर समोरच्याशी खरोखर बोलणे भाग पडते.

स्पोलिन यांचा खरा रोख होता तो 'शाबासकी' आणि 'नापसंती' यांवर. शिक्षकांच्या चेहऱ्याकडे पाहून वागणारे मूल खेळू शकत नाही, ही त्यांची धारणा. म्हणून शिक्षकांनी प्रात्यक्षिक द्यायचे नाही. खेळ चालू असताना बाजूने 'दोरी बघा' एवढेच सुचवायचे. खेळानंतरही 'अभिनय चांगला झाला का' असे न विचारता 'दोरी दिसली का' असे बघणाऱ्या मुलांना विचारायचे. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात गप्प राहणे हेच शिक्षकांना सर्वांत जड जाते.

हे खेळ व्यावसायिक रंगभूमीवर नेले ते त्यांचे पुत्र पॉल सिल्स यांनी. १९५५ मधील 'कम्पस प्लेअर्स' व १९५९ मधील 'सेकंड सिटी' या शिकागोच्या मंडळ्यांच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. स्पोलिन यांचे 'इम्प्रोव्हायझेशन फॉर द थिएटर' १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्लंडमध्ये कीथ जॉनस्टन यांनी स्वतंत्रपणे अशीच वाट चोखाळली; समोरच्याने मांडलेली कल्पना न नाकारता ती पुढे नेणे, हा त्यांच्या 'इम्प्रो' (१९७९) या ग्रंथातील महत्त्वाचा धडा.

तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर मात्र हशा हेच यशाचे माप ठरू लागते. आपल्याकडे उत्स्फूर्तता म्हटले, की तमाशातील हजरजबाबी सोंगाड्या आठवतो. ती कला मोठीच. पण वर्गात तोच निकष लावला, तर दोन-तीन वाचाळ मुले भाव खाऊन जातात आणि अबोल मूल पुन्हा मागच्या बाकावर जाते. आरशाच्या खेळात विनोदाला वाव नसतो. तेथे अबोल मुलाची एकाग्रता अनेकदा सरस ठरते.

या पद्धतीचे संहितेशी वैर नाही. तालमीत एखादा प्रवेश निर्जीव वाटू लागला, तर तोच प्रवेश निरर्थक बोलीत करवून घ्यावा आणि लगेच मूळ संवादांसह पुन्हा घ्यावा. कोणत्या वाक्याचा अर्थ नटाला उमगलेला नाही, हे त्यातून लागलीच उघड होते.