बंब : पंपाविना फिरणारे पाणी

१/३
१८७७ मध्ये सोलापुरात ‘जुनी मिल’ उभी राहिली. गिरणीच्या बॉयलरची नोंद इतिहासाने घेतली. न्हाणीघरातील तांब्याच्या बंबाची मात्र क्वचितच.

२/३
बंबाच्या मधोमध धुराची नळी, तळाशी जाळीवर निखारे. नळीलगतचे पाणी तापून हलके होते, वर चढते. गार पाणी त्याची जागा घेते. एकोणिसाव्या शतकात युरोपातील घरे उबदार ठेवणाऱ्या नळयोजनाही याच अभिसरणावर चालत. पंप पुढे आला.

३/३
आज सोलापूरच्या गच्च्यांवरील अनेक सौरबंबांत टाकी संचापेक्षा उंचावर असते, ती याच नियमामुळे. तांब्याचे बंब बहुधा मोडीत गेले. त्यांतले विज्ञान गच्चीवर पोहोचले. यंत्रयुगाचा इतिहास न्हाणीघर वगळून लिहिला, तर तो अपुराच राहील.