पिटबुलने चावा घेतला की त्याचा जबडा खरंच 'लॉक' होतो का?

कुत्र्याच्या हल्ल्याचा एखादा व्हिडिओ व्हायरल झाला की त्याखाली एक कमेंट हमखास असते. "पिटबुल आहे तो. जबडा एकदा लॉक झाला की मेल्याशिवाय सुटत नाही." मग कुणीतरी रॉटवायलरलाही त्यात ओढतं, कुणी 'दोन हजार पौंडांचा दाब' सांगतं. चार दिवसांनी हेच फॉरवर्ड फॅमिली ग्रुपवर येतं.

उत्तर आधीच देऊन टाकू. नाही, लॉक होत नाही. पिटबुलच काय, कुत्र्याच्या कुठल्याही जातीच्या जबड्यात खिट्टी, कुलूप किंवा खाचेत अडकून बसणारं हाड नसतं. ही गोष्ट अक्षरशः दंतकथा आहे. पण म्हणून पिटबुल म्हणजे गरीब गाय, असंही समजू नका. या दंतकथेच्या मागे एक खरी गोष्ट आहे, आणि कुत्र्याने कुणाला धरलंच तर काय करायचं हे त्या खऱ्या गोष्टीवरून ठरतं.

जबडा मिटतो कसा?

दोन बोटं कानशिलावर ठेवा आणि दात घट्ट आवळा. बोटांखाली काहीतरी फुगलेलं लागेल. तो चावण्याचा एक स्नायू. दुसरा गालाच्या मागच्या भागात असतो. कुत्र्यातही हेच स्नायू असतात, फक्त शरीराच्या मानाने कितीतरी दणकट. पिटबुलचं डोकं इतकं रुंद आणि गाल इतके भरलेले दिसतात ते बऱ्याच अंशी यांच्यामुळेच. खालचा जबडा दोन्ही बाजूंना कवटीला बिजागरीसारखा जोडलेला असतो. स्नायू आवळले की तो मिटतो, सैल सोडले की उघडता येतो. चिवावा असो नाहीतर पिटबुल, रचना तीच आणि पूर्ण वाढ झाल्यावर दातही तेवढेच, ४२.

खरं कुलूप कसं असतं ते पाहायचं तर वटवाघळाचे पाय बघा. त्याच्या पायातल्या कंडरा शरीराच्या वजनाने ताणल्या गेल्या की बोटं मिटलेल्या स्थितीत अडकून राहतात. म्हणून ते झोपेतही उलटं लटकतं आणि त्याचे स्नायू दमत नाहीत. कुत्र्याच्या जबड्यात असं काही नाही. त्याची पकड पूर्णपणे स्नायूंच्या जोरावर असते, आणि स्नायू कधी सोडायचे हे त्याचा मेंदू ठरवतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाचे संशोधक डॉ. लेहर ब्रिस्बिन यांचं या विषयावरचं मत वारंवार दिलं जातं. इतर जातींच्या तुलनेत पिटबुलच्या जबड्यात किंवा दातांत कुठलीही वेगळी 'लॉकिंग' यंत्रणा असल्याचा पुरावा नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

गंमत म्हणजे कुत्र्यांचा जबडा अडकल्याच्या खऱ्या नोंदी पशुवैद्यकात आहेत, पण त्या वेगळ्याच आहेत. बॅसेट हाउंड आणि आयरिश सेटर या जातींत जबड्याचा सांधा सदोष असला तर जांभई देताना तोंड उघडंच अडकून राहू शकतं. दुसरीकडे चावण्याच्या स्नायूंवर शरीराची प्रतिकारशक्तीच हल्ला करते असा एक आजार आहे. त्यात बिचाऱ्या कुत्र्याला तोंड उघडताच येत नाही. माणसाला धनुर्वातात दातखीळ बसते, दिसायला साधारण तसंच. या कुत्र्यांना दवाखान्यात न्यावं लागतं. ती हल्ला करत सुटत नाहीत.

दोन हजार पौंडांचं काय?

नॅशनल जिओग्राफिकसाठी ब्रॅडी बार यांनी २००५ मध्ये जर्मन शेफर्ड, रॉटवायलर आणि अमेरिकन पिटबुल टेरियर यांच्या चाव्याचा जोर मोजला होता. रॉटवायलर ३२८ पौंड, जर्मन शेफर्ड २३८ आणि पिटबुल २३५. म्हणजे तिघांत पिटबुल शेवटचा! मोजक्या कुत्र्यांच्या मोजणीवरून अख्ख्या जातीबद्दल निष्कर्ष काढू नये, हे मान्य. पण दोन हजार कुठे आणि दोनशे पस्तीस कुठे. साधारणपणे डोकं जितकं मोठं आणि रुंद, तितका जोर जास्त. जातीच्या नावापेक्षा कवटीचा आकार महत्त्वाचा.

मग तो सोडत का नाही?

इथे खरी गोष्ट येते. इंग्लंडमध्ये एके काळी बैलाला खुंटाला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडण्याचा खेळ चाले. बैलाचं नाक पकडायचं आणि त्याने कितीही झटके दिले तरी सोडायचं नाही, हे कुत्र्याचं काम. सोडणारा कुत्रा हरला, न सोडणाऱ्याची पिल्लं घेतली गेली. १८३५ च्या कायद्याने हा खेळ बंद झाला, तेव्हा शौकीन कुत्र्यांच्या झुंजींकडे वळले. जुने बुलडॉग आणि चपळ टेरियर यांच्या संकरातून झुंजीचा कुत्रा तयार झाला. 'पिट' म्हणजे झुंजीचा खड्डा. हे कुत्रे पुढे अमेरिकेत गेले आणि १८९८ मध्ये तिथल्या युनायटेड केनेल क्लबने अमेरिकन पिटबुल टेरियरची नोंद केली.

थोडक्यात, पिढ्यानपिढ्या माणसाने निवडला तो जबडा नव्हता, हट्ट होता. बरेच कुत्रे चावा घेऊन मागे हटतात किंवा पुन्हा पुन्हा चावतात. हा पकडतो, धरून ठेवतो आणि मान झटकतो. बाहेरून पाहणाऱ्याला ते लॉकसारखंच दिसणार. झुंजी लावणारे तर कुत्रे सोडवायला लाकडी पाचर बाळगत, दाढांच्या मागे घालून पिरगळायला. हाडच अडकलेलं असतं तर लाकडाच्या तुकड्याने ते सुटलं नसतं, हा साधा विचार मात्र फॉरवर्ड करणारे करत नाहीत.

आणि हा हट्ट जीवघेणा ठरू शकतो. जुलै २०२२ मध्ये लखनौत ८२ वर्षांच्या एका आजींचा घरातल्याच पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्यानंतर गाझियाबाद, कानपूरसारख्या शहरांनी काही जातींवर निर्बंध आणले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर यांच्यासह २३ जातींच्या आयात, पैदास आणि विक्रीवर बंदी घालण्याचं परिपत्रक राज्यांना पाठवलं. संबंधितांची बाजू न ऐकताच ते काढल्याचा आक्षेप होता. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द केलं. बंदी असावी की नाही यावर वाद होऊ शकतो. तो लॉकच्या गोष्टीवर होऊ नये, एवढंच. कारण त्या गोष्टीची दुसरी बाजू अशी, की 'आमचा लॅब्रॅडॉर आहे, लॉक होत नाही' म्हणत लोक लहान मुलाला कुत्र्यापाशी एकटं सोडतात.

कुत्र्याने धरलंच तर?

हात-पाय हिसकून ओढू नका. दात रुतलेले असताना ओढलं की मांस फाटतं. मारहाण केली तर अनेकदा पकड आणखी घट्ट होते. तोंडात बोटं घालून जबडा फाकवायचा प्रयत्न करू नका, आणि ती पाचरही अनुभव नसलेल्याने वापरायची वस्तू नाही. तावडीत दुसरा हात सापडेल. शक्य असेल तर दुसऱ्या माणसाने, शक्यतो मालकानेच, मागून जाऊन गळ्यातला पट्टा पकडावा आणि पिळून आवळावा. श्वास कोंडला की तोंड उघडावंच लागतं, कारण कुलूप नसतंच. खाली पडलात तर अंग गोळा करून मान आणि कान हातांनी झाका.

धरून ठेवलेल्या चाव्यात वरून चार छोटी भोकं दिसतात, पण आत स्नायू चेचलेले असू शकतात. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. पंधरा म्हणजे पंधरा, घड्याळ लावून. हळद, मिरची, चुना काहीही भरू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कुत्रा पाळीव असला, त्याला लस दिलेली असली, तरीही. जखम खोल किंवा रक्त आलेली असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं, त्याबद्दल स्वतःहून विचारा. आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील या भीतीने घरी बसू नका. ती जुनी लस केव्हाच बंद झाली, आता चार-पाच वेळा दंडात घ्यावी लागते.