आज काय गाडायचंय?

११ सप्टेंबर २००१. न्यूयॉर्कचे दोन्ही मनोरे पेटले होते, अजून कोसळले नव्हते. लंडनमध्ये दुपारचे तीन वाजायला पाच मिनिटं असताना मंत्री स्टीफन बायर्स यांच्या सल्लागार जो मूर यांनी खात्याच्या प्रसिद्धी कचेरीला ईमेल धाडला: नको त्या बातम्या गाडून टाकायला आजचा दिवस फार चांगला, नगरसेवकांचे भत्ते, उदाहरणार्थ?

ब्रिटनमध्ये या मंडळींना 'स्पॅड' म्हणतात. पगार सरकारी, नेमणूक राजकीय. मंत्री गेला की यांचंही बस्तान उठलं. १९७४ मध्ये हॅरल्ड विल्सन यांनी ही पद्धत रुळवली. मला त्यात मुळात गैर काही वाटत नाही. सनदी अधिकाऱ्यांनी पक्षाचं राजकारण करू नये असं म्हणायचं, तर ते करायला दुसरं कुणी हवंच.

घोळ आहे तो हुकमाचा. १९९७ मध्ये टोनी ब्लेअर यांनी खास फर्मान काढून अलिस्टर कॅम्पबेल आणि जोनाथन पॉवेल यांना अधिकाऱ्यांना आदेश द्यायची मुभा दिली. मूर यांना ती नव्हती. पण मंत्र्याच्या कानाशी बसणाऱ्या बाईंची 'सूचना' खालच्या माणसानं नुसती सूचना म्हणून कशी वाचायची? नगरसेवकांच्या भत्त्यांची घोषणा दुसऱ्याच दिवशी झाली.

ऑक्टोबरात ईमेल फुटला. मूर यांनी माफी मागितली, बायर्स यांनी त्यांना पाठीशी घातलं. फेब्रुवारी २००२ मध्ये मूर गेल्या, मे महिन्यात बायर्सही. ते फर्मान मात्र २००७ पर्यंत टिकलं. गॉर्डन ब्राऊन यांनी पंतप्रधान होताच ते रद्द केलं. स्पॅड राहिलेच.